बेकारांची पावले मोजणारा गणिती

निवडणुकीचे निकाल लागतात, वाहिन्यांवरील अंदाज कोसळतात आणि मग आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया ऐकू येतात. जनमताची मोजदाद हे मुळातच थोतांड आहे, असे एक पक्ष म्हणतो. अंदाज सांगणारे विकले गेले होते, असे दुसरा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतरही हेच झाले. बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवले होते आणि प्रत्यक्षात ती २९३ वर थांबली. या दोन प्रतिक्रियांच्या गदारोळात तिसरा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. कोणाला विचारले, काय विचारले, कसे विचारले, आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ कोणत्या आधारावर लावला, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाला ज्याने आपले उभे आयुष्य वाहिले, त्या पॉल लाझार्सफेल्ड यांचे चरित्र मराठी वाचकांपुढे फारसे आलेले नाही. समाजशास्त्राच्या आणि जनसंज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव एखाद्या सिद्धान्ताला चिकटून येते, विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात, आणि माणूस मागेच राहतो.

लाझार्सफेल्ड यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९०१ रोजी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. घरात समाजवादी पुढाऱ्यांचा राबता होता. ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानाची १९१६ साली हत्या करणारे फ्रीडरिश आडलर हे त्या घराचे स्नेही, आणि ते पदार्थविज्ञानाचे अभ्यासक होते. त्यांच्याच प्रभावाने हा मुलगा गणिताकडे वळला असे म्हणतात. १९२५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली ती आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्ताचे बुधाच्या भ्रमणाला उपयोजन करून. म्हणजे ज्या गृहस्थांना पुढे जग मतदार आणि रेडिओश्रोते यांच्या संशोधनाचे प्रवर्तक म्हणून ओळखणार होते, त्यांची सुरुवात ग्रहांपासून झाली. काही काळ त्यांनी शाळेत गणित शिकविले आणि मग व्हिएन्ना विद्यापीठातील मानसशास्त्र संस्थेत संख्याशास्त्र शिकविण्याच्या निमित्ताने त्यांचा माणसांच्या वर्तनाशी संबंध आला.

तेथे त्यांनी एक छोटे संशोधन केंद्र काढले. पोटापाण्यासाठी या केंद्राला व्यापारी कामे घ्यावी लागत. कोण कोणता साबण का विकत घेतो, असले हे विषय. समाजवादी तरुणाने साबणाची पाहणी करावी, हे त्यांच्या काही मित्रांना रुचत नसे. परंतु त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. साबणाची निवड आणि मताची निवड यांत मोलाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी निवड कशी होते याचा अभ्यास करण्याची पद्धत दोन्हीकडे एकच आहे. या एका विचारावर त्यांनी पुढची पन्नास वर्षे काम केले, आणि त्यांच्यावर झालेली टीकाही बव्हंशी याच एका विचारावर झाली.

सामान्य माणसांना का असे विचारले की ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे त्यांना या व्यापारी पाहण्यांतच उमगले. हे पुस्तक का घेतले, या प्रश्नाला एक जण म्हणतो लेखक आवडतो म्हणून, दुसरा म्हणतो मित्राने सुचविले म्हणून, तिसरा म्हणतो स्वस्त मिळाले म्हणून. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत, पण ती एकाच प्रश्नाची नाहीत. पहिल्याने वस्तूचा गुण सांगितला, दुसऱ्याने बाहेरची प्रेरणा, तिसऱ्याने प्रसंग. त्यांची बेरीज करून टक्केवारी काढणे म्हणजे रुपये, किलो आणि मीटर एकाच रकान्यात लिहून खाली एकूण टाकण्यासारखे आहे. १९३५ साली त्यांनी यावर एक निबंध लिहिला आणि एका का चे अनेक प्रश्न करून ते प्रत्येकाला सारखेच विचारले पाहिजेत, असे दाखविले. आमच्याकडे पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी प्रकल्प होतात. त्यांतील प्रश्नावल्या तपासताना मला हा निबंध हटकून आठवतो. एकदा तर साठ प्रतिसादकांच्या साठ प्रश्नावल्या एकाच शाईत आणि एकाच वळणदार अक्षरात भरलेल्या पाहण्याचा योग आला होता. पण तो निराळा विषय आहे.

लाझार्सफेल्ड यांचे खरे मोठे काम त्यांच्या वयाच्या तिशीत झाले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ते विशेष जवळचे वाटावे असे आहे. कामगारांचे तास कमी झाल्यामुळे त्यांच्या हाती जो फावला वेळ येतो त्याचा अभ्यास करावा, असा त्यांचा विचार होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी तो ऐकून त्यांना चांगलेच फटकारले. देशात लाखो लोक बेकार असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यातून व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल या गावाची निवड झाली. सारे गाव एका कापडगिरणीवर जगत होते आणि ती गिरणी १९३० च्या आरंभी पूर्णपणे बंद पडली होती. लोकसंख्या १,४८६, कुटुंबे ४७८. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश बेकारभत्त्यावर. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावात काय झाले हे ज्यांनी पाहिले वा ऐकले आहे, त्यांना मारिएंथालचे वर्णन अपरिचित वाटणार नाही.

लाझार्सफेल्ड, त्यांच्या तत्कालीन पत्नी मारी याहोडा, हान्स झाइझेल आणि त्यांचे सहकारी १९३१ च्या अखेरीपासून या गावाचा अभ्यास करू लागले. कोणीही नुसता प्रेक्षक म्हणून गावात फिरायचे नाही, असा त्यांनी दंडक घातला होता. जो येईल त्याने गावाच्या उपयोगाचे काहीतरी केले पाहिजे. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, वैद्यकीय तपासणी ठेवली, शिवणकामाचा वर्ग चालविला. या कामातून घरांची दारे उघडली आणि माहितीही मिळाली. चाळीसएक कुटुंबांनी आठवडाभर रोज काय खाल्ले याची नोंद ठेवली. अनेकांनी दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहून दिला. नाताळात काय हवे यावर शाळकरी मुलांनी निबंध लिहिले. शेजारच्या गावांतील मुलांच्या मागण्यांच्या सुमारे एक तृतीयांश किमतीच्या वस्तू या मुलांनी मागितल्या होत्या. गरिबी मुलांच्या इच्छेपर्यंत पोहोचली होती, हे त्या आकड्यातून कळते.

आणि मग ती पावले. गावच्या मुख्य रस्त्यावर एका खिडकीत बसून निरीक्षकांनी शंभर माणसांच्या चालीची नोंद केली. ६८ पुरुष आणि ३२ स्त्रिया. रस्ता संपेपर्यंत सुमारे दोन तृतीयांश पुरुष निदान दोनदा थांबले. न थांबता पलीकडे गेलेले पुरुष दहांत एकसुद्धा नव्हते. स्त्रिया त्यामानाने क्वचित थांबत आणि त्यांचा वेग पुरुषांच्या दीडपट होता. बेकारीमुळे पुरुषाचा काळच हरवला, तर स्त्रीच्या हातून मजुरी गेली तरी चूल, मुले आणि धुणे सुटले नाही, हा निष्कर्ष घड्याळ घेऊन काढलेला आहे. निराशेची तीव्रता किती, असे विचारून कोणी खरे उत्तर देत नाही. पण माणूस रस्त्यात किती वेळा थांबतो हे मोजता येते. अमूर्त कल्पनेला दर्शक शोधणे असे ज्याला संशोधनशास्त्रात म्हणतात, त्याचे याहून साधे आणि करुण उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

संज्ञापनाच्या अभ्यासकाला मारिएंथालमध्ये आणखी एक गोष्ट सापडते. गावाच्या वाचनालयाने पुस्तकांची वर्गणी रद्द केली होती आणि वेळ तर मुबलक होता. तरी १९२९ ते १९३१ या काळात पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. समाजवादी पक्षाच्या गंभीर दैनिकाचे वर्गणीदार १९२७ ते १९३० या अवधीत ६० टक्क्यांनी घटले, त्याच पक्षाच्या हलक्याफुलक्या पत्राचे मात्र २७ टक्क्यांनीच. बेकारांना गंभीर दैनिक कमी दरात मिळत असूनही हे घडले. भूक वाढली की माणूस क्रांतीकडे वळतो, असे पोथीत लिहिलेले होते. आकडे सांगत होते की तो आधी वर्तमानपत्र बंद करतो.

कुटुंबांच्या वृत्तींचे त्यांनी चार प्रकार केले. न खचलेली, परिस्थितीला शरण गेलेली, हताश आणि पार विझून गेलेली. मग दर उपभोग-एककामागे मासिक उत्पन्न ताडून पाहिले, तर ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग असे उतरत गेलेले आढळले. काही शिलिंगांच्या फरकावर माणसाची उमेद टिकत किंवा तुटत होती. अनुदानाच्या रकमेत पाचदहा टक्के इकडेतिकडे करणाऱ्या अर्थखात्यांनी हा तक्ता समोर ठेवावा, असे मला नेहमी वाटते.

हे पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी लाझार्सफेल्ड रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात समाजवादी पक्षावर बंदी आली. परतीचा मार्ग उरला नाही. जर्मन वळणाच्या इंग्रजीत बोलणारा हा निर्वासित मग न्यूअर्क, प्रिन्स्टन आणि अखेर कोलंबिया विद्यापीठ अशा पायऱ्या चढत गेला. १९३७ साली रेडिओच्या परिणामांचा अभ्यास करण्याची मोठी योजना त्यांच्या हाती आली. ऑस्ट्रियातील रेडिओ कंपनीसाठी त्यांनी आधीच एक पाहणी केली होती आणि तीत एक लाखाहून अधिक श्रोत्यांच्या आवडीनिवडी नोंदल्या गेल्या होत्या. अर्थात उत्तरे स्वेच्छेने आलेली असली की ती पाठविणारे सर्वांचे प्रतिनिधी असतातच असे नाही. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन यांचा विजय ५७ टक्के मतांनी होणार असे जाहीर केले. रूझवेल्ट ६० टक्क्यांहून अधिक मते घेऊन आले. लँडन यांना केवळ दोन राज्ये मिळाली. टेलिफोन आणि मोटारगाड्या असणाऱ्यांच्या याद्यांवरून पत्ते घेतले होते, शिवाय पत्रिका परत धाडणारे लोक न धाडणाऱ्यांहून वेगळे होते. नमुना मोठा असणे आणि तो योग्य असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या साप्ताहिकाला फार महागात पडले. १९३८ साली ते बंद झाले.

रेडिओ संशोधनाच्या काळात त्यांनी फ्रँक स्टँटन यांच्यासह एक यंत्र तयार केले. कार्यक्रम ऐकताना आवडले तर हिरवे बटन दाबायचे, नावडले तर लाल. त्यावरून क्षणाक्षणाची पसंती कागदावर उमटे. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपले नवे सहकारी रॉबर्ट मर्टन यांना सपत्नीक जेवायला बोलाविले आणि ते दारात येताच एका कार्यक्रमाच्या चाचणीला ओढून नेले. भोजन बाजूलाच राहिले. श्रोत्यांना प्रश्न विचारणारा माणूस नकळत उत्तरे त्यांच्या तोंडी घालत आहे, हे मर्टन यांनी तेथल्या तेथे चिठ्ठीवर लिहून दाखविले. लाझार्सफेल्ड यांनी त्यांनाच खुर्चीवर बसवून मुलाखती घ्यायला लावल्या. बटनाने कोणत्या क्षणी आवडले ते कळते, काय आवडले ते कळत नाही. त्यासाठी त्या क्षणावर बोट ठेवून माणसाला बोलते करावे लागते. पुढे याच पद्धतीचे जाहिरातदारांनी जे काही केले, त्याचे श्रेय घ्यायला मर्टन फारसे उत्सुक नव्हते. त्या संध्याकाळपासून पस्तीस वर्षे या दोघांचे सहकार्य टिकले.

सर्वांशीच असे जमले नाही. तत्त्वज्ञ आडोर्नो यांना त्यांनी रेडिओवरील संगीताच्या अभ्यासासाठी बोलावून घेतले होते. संगीत कोणाला किती आवडते हे मोजून काय कळणार, मुळात आवडीच कारखान्यात तयार होत आहेत, असे आडोर्नो यांचे म्हणणे होते. तुमच्या विधानाचा पडताळा कसा घ्यायचा ते सांगा, असे लाझार्सफेल्ड विचारीत. हा वाद मिटला नाही. तो आजही मिटलेला नाही. माझ्या मते आडोर्नो यांचा प्रश्न खरा होता आणि लाझार्सफेल्ड यांची अटही रास्त होती.

१९४० ची अध्यक्षीय निवडणूक हा त्यांच्या पद्धतीचा कळस मानतात. ओहायो राज्यातील ईरी परगण्यात ६०० मतदारांची त्यांनी मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठ घेतली. त्याच त्या माणसांना पुन:पुन्हा विचारल्याखेरीज मत केव्हा आणि कसे बदलते हे दिसत नाही. पण पुन:पुन्हा विचारण्यानेच माणूस बदलला तर? म्हणून तेवढ्याच आकाराचे आणखी गट त्यांनी बाजूला ठेवले आणि त्यांना मध्ये एकेकदाच विचारले. दोन्हींत विशेष फरक पडला नाही, तेव्हा पद्धतीवर भरवसा ठेवता आला. धर्म, आर्थिक स्थिती आणि निवास या तीन बाबींवरून त्यांनी राजकीय कलाचा निर्देशांक बांधला. निष्कर्ष प्रचारकांना निराश करणारे निघाले. निम्म्या मतदारांचे मत मे महिन्यातच पक्के होते. प्रचाराने ५३ टक्क्यांचे असलेले मतच घट्ट केले. पक्ष खरोखर बदलला असे अवघे ८ टक्के. रेडिओ आणि वृत्तपत्रे यांपेक्षा शेजारी, सहकारी, घरची माणसे यांचे बोलणे अधिक पोहोचत होते. माध्यमांतील विचार आधी काही जाणत्या माणसांपर्यंत येतो आणि त्यांच्याकडून इतरांकडे जातो, हा द्विपायरी प्रवाहाचा सिद्धान्त येथून निघाला. डिकेटर गावातील ८०० स्त्रियांच्या १९४५ मधील पाहणीवर आधारलेल्या, एलिहू कॅट्झ यांच्यासह लिहिलेल्या १९५५ च्या ग्रंथात त्याला पूर्ण रूप आले. त्या पाहणीचे प्रत्यक्ष काम पाहणारे सी. राइट मिल्स यांचे मात्र लाझार्सफेल्ड यांच्याशी फाटले. पुढे १९५९ साली त्यांनी या साऱ्या पंथावर कठोर टीका केली. पद्धतीच्या मोहात ही मंडळी सत्तेचा प्रश्नच विसरली, असा तिचा मथितार्थ होता. निवडणुकीतील सहा महिन्यांत मत बदलले नाही म्हणजे माध्यमांचा प्रभाव नाही, असे ठरत नाही. सहा वर्षांत काय होते हे त्या पाहणीच्या कक्षेतच नव्हते. मिल्स यांचा हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. पण तो करण्यासाठीही आधी ईरी परगण्यात कोणीतरी जाऊन यावे लागते.

सामाजिक संशोधनातून निघते ते सर्वांना आधीच ठाऊक असते, हा हेटाळणीचा सूर आपल्या परिचयाचा आहे. लाझार्सफेल्ड यांनी १९४९ साली त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. अमेरिकी सैनिकांच्या महायुद्धकालीन पाहणीतले म्हणून त्यांनी काही निष्कर्ष मांडले. सुशिक्षित सैनिकांत मानसिक ताणाची लक्षणे अधिक, खेड्यातील जवान शहरी जवानांपेक्षा आनंदी, अशा स्वरूपाचे. प्रत्येकाला पटणारे स्पष्टीकरणही त्यांनी जोडून दिले. वाचकाने मान डोलावली की ते सांगतात, यांतील प्रत्येक निष्कर्ष प्रत्यक्षाच्या नेमका उलट आहे. जे उघड वाटते ते आणि त्याच्या विरुद्ध असलेले, दोन्ही आपल्याला सारखेच उघड वाटू शकते. मी हा प्रयोग वर्गावर करतो आणि तो आजवर कधीही फसलेला नाही.

शिक्षकवर्गाला त्यांच्या आणखी एका पाहणीची आठवण करून द्यायला हवी. मॅकार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशयपर्वात, १९५५ साली, त्यांनी १६५ महाविद्यालयांतील समाजशास्त्रांच्या २,४५१ अध्यापकांच्या मुलाखती घडवून आणल्या. भीती वाटते का, असे विचारून कोणता प्राध्यापक हो म्हणेल? म्हणून काळजीचे आणि सावधगिरीचे वेगवेगळे प्रश्न विचारले गेले. वर्गात बोललेले कोणी विपर्यास करून बाहेर सांगेल अशी धास्ती वाटली का, लिहिताना एखादे विधान सौम्य केले का. त्यांच्या उत्तरांवरून भयाचा निर्देशांक बांधला. चांगल्या दर्जाच्या महाविद्यालयांवर आरोपांची झोड अधिक उठली, असे त्यातून दिसले. असा निर्देशांक आज आपल्याकडे कोणी बांधील काय, आणि त्याला उत्तरे कितपत खरी मिळतील, हे वाचकांनीच मनाशी ताडून पाहावे.

महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध अगदी थेट आला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. याचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची धुरा वाहिली ती व्हिएन्नाचेच, कोलंबियात शिकलेले पॉल न्यूरथ यांनी. मंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली, अशी तुलना करून आधी आणि नंतर ज्ञानाची चाचणी घेण्यात आली. चर्चामंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची लक्षणीय वाढ आढळली, अन्यत्र ती नगण्य होती. रेडिओ आणणे पुरेसे नाही, त्याभोवती बोलणारी माणसे हवीत, हे ओहायोत दिसलेले सत्य मराठी खेड्यांनी आपल्या परीने पुन्हा नोंदविले. युनेस्कोने १९५९ साली तो अहवाल प्रसिद्ध केला.

लाझार्सफेल्ड ३० ऑगस्ट १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या कागदपत्रांचे संग्रहालय पुढे न्यूरथ यांनीच व्हिएन्नात उभे केले. मारिएंथालची गोष्ट तेथेही संपली नाही. ज्या नगरपालिकेत ते गाव मोडते, त्या ग्रामाटनॉइझीडलमध्ये २०२० च्या ऑक्टोबरात रोजगार हमीचा एक प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला काम देऊ करायचे आणि ते घ्यायचे की नाही हे त्याच्यावर सोपवायचे. कोणाला आधी आणि कोणाला नंतर काम मिळावे हे जोड्या लावून चिठ्ठ्यांप्रमाणे ठरविले, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता यावी. उत्पन्नाबरोबर दिवसाची घडी, माणसांशी संबंध आणि समाधान यांचीही मोजदाद केली गेली, आणि काम मिळालेल्यांमध्ये ती सर्व सुधारलेली आढळली. प्रयोग २०२४ मध्ये संपला. ज्या गावात नव्वद वर्षांपूर्वी खिडकीत बसून घड्याळाने चालणाऱ्यांची पावले टिपली गेली, तेच हे गाव.